चांदणीच्या वाटेने : मुंबई-वसईतील नाताळची आरास

दिवाळीचे आकाशकंदील माळ्यावर चढतात न चढतात, तोच मुंबईच्या काही गल्ल्यांतून दुसरे कंदील टांगले जाऊ लागतात. हे पाच टोकांचे असतात, कागदाचे किंवा पुठ्ठ्याचे, पोटात एकच दिवा घेऊन उभे असलेले. डिसेंबर उजाडला की वांद्र्याच्या हिल रोडवर, म्हणजे कागदोपत्री रामदास नायक मार्गावर, पदपथाच्या कडेने या चांदण्यांची दुकाने लागतात. माहीमला चर्चच्या परिसरात, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि वसईच्या बाजारपेठेतही तोच माल दिसतो. मुलांना घेऊन नाताळची रोषणाई पाहायला निघणाऱ्या मुंबईकर कुटुंबांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांतील बहुतेकांची पावले मॉलमधल्या पन्नास फुटी कृत्रिम वृक्षाशी जाऊन थांबतात. तेथे छायाचित्र उत्तम येते, हे खरेच. परंतु या शहराची स्वतःची म्हणावी अशी नाताळची आरास तेथे नाही. ती गावठाणांत आहे, पाखाड्यांत आहे, आणि तिचे मूळ चारशेहून अधिक वर्षे मागे जाते.

'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज. 'नाताल' म्हणजे जन्मदिवस. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेथपासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत, साष्टी ते वसई या पट्ट्यात पोर्तुगीज अंमल राहिला. या काळात येथील कोळी, भंडारी, कुणबी, सामवेदी ब्राह्मण अशा समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. धर्म बदलला, बोली, शेतीवाडी आणि बरेचसे रीतिरिवाज तेच राहिले. मुंबई बेटे इंग्रजांकडे गेल्यानंतर गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती मंडळी नोकरीसाठी येऊ लागली, तेव्हा स्थानिकांनी आपली वेगळी ओळख ठसवण्यासाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांची संस्था स्थापन झाली. नाव इंग्रजी असले, तरी घरात बोलली जाते ती मराठीचीच एक बोली. वसईच्या उत्तरेकडील कुपारी समाजाची 'कादोडी' हीदेखील मराठीचीच बोली. तेव्हा ही रोषणाई पाहायला जाणारा मराठी माणूस परक्या मुलखात जात नाही, हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

चांदणी आणि गोठा

या आरासीचे दोन मुख्य घटक : दारावरची चांदणी आणि दाराशी किंवा अंगणात मांडलेला गोठा. बायबलमधील ख्रिस्तजन्माच्या दोन कथा त्यांच्यामागे आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष एका ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमला पोहोचतात. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवल्याचे आणि रानातल्या मेंढपाळांना देवदूताने वार्ता दिल्याचे वर्णन आहे. चांदणी पहिल्या कथेतून आली, गव्हाण दुसऱ्या कथेतून. मांडणाऱ्यांनी दोन्ही एकत्र केल्या. ज्ञानी पुरुष तीन होते, असे मत्तयाने कोठेही म्हटलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आणल्या, म्हणून परंपरेने माणसेही तीन धरली.

गोठ्याची देखाव्यासारखी मांडणी करण्याचे श्रेय संत फ्रान्सिस असिसीकर यांना दिले जाते. इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी १२२३ च्या नाताळात त्यांनी खरी गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव उभे करून गावकऱ्यांना जन्माचा प्रसंग दाखवला. त्या घटनेला २०२३ मध्ये ८०० वर्षे झाली. कोकणपट्टीत ही प्रथा आली ती मिशनऱ्यांबरोबर. मात्र येथे येताच ती येथल्या मातीची झाली, आणि ती कशी झाली हेच मुलांना दाखवण्याजोगे आहे.

वसईतल्या किंवा वांद्र्यातल्या जुन्या घरचा गोठा बारकाईने पाहिला, तर पाहणाऱ्याला दिवाळीतला किल्ला आठवल्यावाचून राहत नाही. तीच माती, तीच गोणपाटे, कागद चुरगाळून केलेले तेच डोंगर, आरशाच्या तुकड्याचे तेच तळे. किल्ल्यावर मावळे असतात, येथे मेंढपाळ. किल्ल्यावर अळीव पेरतात. येथे नाताळच्या आधी दहा-पंधरा दिवस करवंटीत किंवा पसरट भांड्यात गहू वा नाचणी पेरून कोवळे हिरवे तृण उगवतात आणि ते गोठ्याभोवती मांडतात. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालणाऱ्या घरातील मुलाला ही खूण ओळखायला फारसा वेळ लागत नाही. छपराला भाताचा पेंढा, खांबांना बांबू. वसईच्या काही गोठ्यांत बेथलेहेमच्या जोडीला चक्क विहीर, रहाट आणि केळीची बागही दिसते. मांडणाऱ्याने आपले गाव तेथे उतरवलेले असते. यात इतिहासाची चूक काढणारे काढोत. ज्या मुलाने रहाट कधी पाहिलेला नाही, त्याला तो निदान येथे दिसतो.

गोठा पाहताना एक गंमत मुलांच्या नजरेला आणून द्यावी. २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते. मरिया, योसेफ, बैल, गाढव, मेंढ्या सारे हजर. मधली जागा तेवढी मोकळी. बाळाची मूर्ती रात्रीच्या मिस्सेच्या वेळी ठेवली जाते. काही घरांत ज्ञानी पुरुषही सुरुवातीला दूर कोपऱ्यात, उंटासह उभे असतात आणि दररोज थोडे थोडे पुढे सरकवले जातात. एकच गोठा २० तारखेला आणि पुन्हा २८ तारखेला पाहिला, तर त्यात फरक का, हे मूल आपण होऊन विचारते.

चांदणीचे कुळ शोधू गेल्यास जर्मनीतील मोरावियन पंथीयांच्या शाळेपर्यंत जाता येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील वसतिगृहात भूमितीच्या पाठासाठी मुलांकडून बहुटोकी कागदी तारे करवून घेत. त्यातून हेर्नहूटचे तारे प्रसिद्धीस आले. आपल्याकडची पाच टोकांची चांदणी मात्र आकाशकंदिलाच्या पंक्तीतच शोभते. कामट्या, दोरा, खळ आणि पतंगाचा किंवा जिलेटिनचा कागद एवढ्या सामग्रीवर ती घरी होते. पाच कामट्या एका रेषेत न तोडता बांधल्या की तारा होतो. असे दोन तारे एकमेकांवर ठेवून टोकांशी बांधायचे आणि मध्ये पाच आखूड काड्या अडकवून पोट फुगवायचे. गोव्यात अशा चांदण्यांच्या स्पर्धा भरतात. मुंबईत तयार चांदणी स्वस्त मिळू लागल्यापासून घरी करणारे कमी झाले.

कोठे पाहावे

वांद्र्यापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. हिल रोडवर संत पीटर आणि पुढे समुद्राजवळ पोर्तुगीजकालीन संत अँड्र्यू अशी दोन मोठी चर्चे आहेत. डोंगरावरचे माउंट मेरी चर्च सप्टेंबरच्या जत्रेमुळे सर्वधर्मीयांना ठाऊक असतेच. परंतु खरी मजा आतल्या वाटांवर आहे. रानवार ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी एक. अरुंद गल्ली, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि उतरती कौले. या घरांवर एकेक चांदणी आणि दिव्यांची एकच माळ पुरेशी ठरते, कारण प्रकाशाला पाठीशी काळोख मिळतो. भिंतीचित्रांमुळे नव्या पिढीला परिचित झालेला चॅपल रोड, पाली गाव आणि कोळ्यांची वस्ती असलेले चिंबई ही याच फेरीतली ठिकाणे. चौकाचौकात लागणारे क्रूस लक्षपूर्वक पाहावेत. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा प्लेग आला, त्या साथीच्या काळात रहिवाशांनी नवसाने किंवा आठवणीखातर यांतील अनेक क्रूस उभारले. नाताळात त्यांना हार आणि दिवे चढतात. अलीकडच्या काही वर्षांत वांद्रे रेक्लमेशनच्या मोकळ्या जागेवर भव्य प्रकाशशिल्पेही उभी राहू लागली आहेत. लहान मुले त्यावर खूश असतात आणि गल्ल्यांवरचा गर्दीचा भार त्यामुळे काहीसा हलका होतो, हा त्याचा न सांगितला जाणारा उपयोग.

गिरगावची खोताची वाडी चर्नी रोड स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने आपली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी दिली, त्यावरून हे नाव पडले. मालवणी जेवणासाठी एके काळी गाजलेले आणि आता बंद झालेले अनंताश्रम याच वाडीत होते. एका कुडाला मराठी खानावळ आणि दुसऱ्या कुडाला नाताळची चांदणी, हे दृश्य गिरगावकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिले. माझगावची माथारपाखाडी त्याहून शांत. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा हे याच पाखाडीचे. फोर्टमध्ये गेल्यास संत थॉमस कॅथीड्रल टाळू नये. त्याचे दार उपासनेसाठी उघडले तो दिवसच १७१८ चा नाताळ. किल्ल्याच्या ज्या वेशीतून या चर्चकडे वाट जाई, ती 'चर्चगेट'. वेस गेली, नाव रेल्वे स्थानकाला उरले. दादरचे 'पोर्तुगीज चर्च' मात्र आजच्या रूपात चार्ल्स कोरिया यांनी आखलेली १९७० च्या दशकातील वास्तू आहे, आणि तिच्या घुमटाकार छतांखालचा प्रकाश दिवसा पाहण्यासारखा आहे. मालाडचे ऑर्लेम, मार्वेहून तरीने गाठता येणारे मनोरी, गोराई आणि पुढे उत्तन ही नावेही ध्यानात असू द्यावीत.

तरीही एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर ती वसईला द्यावी. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला बस किंवा रिक्षाने निघाले, की इमारती मागे पडतात आणि पापडी, सांडोर, रमेदी, गिरीज, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, उमराळे अशी गावांची माळ लागते. पापडीचे चर्च १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यापासून त्याचे कॅथीड्रल आहे. या गावांत आरास घरापुरती राहत नाही. आळीआळीतली तरुण मंडळी महिनाभर आधी जागा ठरवतात, वर्गणी काढतात, बांबू आणतात आणि रस्त्याच्या कडेला मोठा गोठा उभा करतात. गोठ्यांच्या स्पर्धा होतात, परीक्षक येतात, निकालावरून रुसवेफुगवे होतात. गणेशोत्सवाच्या मंडळात वावरलेल्याला येथे काहीच नवखे वाटत नाही. कॅरल गाणारे गट घरोघर फिरतात ते मराठीतून, कधी कादोडीतून. म्हाताऱ्या बाया लाल लुगड्यांत ओट्यावर बसलेल्या असतात आणि गोठा पाहायला आलेल्या अनोळखी मुलाच्या हातावर कुलकुल किंवा नेवरी ठेवतात. नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण. कुलकुल म्हणजे काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर वळलेल्या, तळून पाकवलेल्या शंखाकृती गोळ्या.

पुणेकरांना कॅम्पातील महात्मा गांधी रस्ता आणि तेथील बेकऱ्यांच्या रांगा परिचितच आहेत. त्यांनी एकदा नाना पेठेतले सिटी चर्च पाहावे. पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपाई-अंमलदारांसाठी १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी या चर्चला जागा दिली. जवळच पंचहौद मिशनचे चर्च आहे. १८९० मध्ये टिळक-रानड्यांनी जेथे चहा घेतल्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले, ते हेच आवार. येथली नाताळची उपासना मराठीत होते.

केव्हा जावे

नाताळच्या तयारीचा काळ, म्हणजे आगमनकाळ, २५ डिसेंबरपूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचे कडे ठेवतात आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत नेतात. घरांवर दिवे मात्र १५ डिसेंबरनंतर सावकाश चढतात आणि २० तारखेपर्यंत गल्ल्या पुऱ्या उजळतात. २४ आणि २५ तारखेला हिल रोडवर पाऊल ठेवायला जागा नसते. लहान मूल कडेवर असलेल्यांनी त्या दोन रात्री तेथे जाऊच नये. शिवाय २४ ची रात्र ही त्या घरांची कुटुंबाची, प्रार्थनेची रात्र आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी 'मध्यरात्रीची' मिस्सा आता बरीच आधी सुरू होते. चर्चच्या फलकावर वेळ पाहूनच निघावे.

पाहुण्यांसाठी सर्वांत सोयीचे दिवस २६ ते ३० डिसेंबर आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा. नाताळचा काळ २५ तारखेला संपत नाही, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ज्ञानी पुरुषांच्या आगमनाचा सण परंपरेने ६ जानेवारीला. तोवर गोठे उभे असतात, मूर्ती पूर्ण असतात आणि रस्ते मोकळे. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास निघून साडेआठला परतावे. वांद्र्यात गाडी नेण्यात शहाणपण नाही. स्थानकावरून बसने हिल रोडपर्यंत आणि पुढे पायी, हाच मार्ग. वसईला परतीच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.

माळेचे तंत्र

विजेच्या दिव्यांनी नाताळचा वृक्ष प्रथम सजवला तो एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी, १८८२ मध्ये, न्यू यॉर्कमधील आपल्या घरी. लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे त्यावर होते. त्याआधी झाडांवर पेटत्या मेणबत्त्या लावत आणि आगी लागत. आपल्याकडे घरोघर असलेल्या जुन्या माळेत सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकापाठोपाठ जोडलेले असत. २३० व्होल्टचा दाब त्यांत वाटला जाई. म्हणूनच एक दिवा गेला की सारी माळ अंधारे आणि घरातला कर्ता पुरुष एकेक दिवा काढून तपासत बसे. एलईडीने हे दुखणे संपवले. निळ्या एलईडीचा शोध १९९० च्या दशकाच्या आरंभी लागला आणि त्यासाठी तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी त्यामुळेच शक्य झाला. वीज अत्यल्प लागते आणि दिवा तापत नाही. एक तक्रार मात्र रास्त आहे. निळसर पांढऱ्या दिव्याने कागदी चांदणीचे रूप पार जाते. तिच्या पोटात पिवळसर उबदार दिवाच हवा.

घरी आरास करणाऱ्यांनी माळ आयएसआय चिन्हाची घ्यावी, उघडे जोड टेपने बांधावेत, एकाच प्लगवर चार माळा चढवू नयेत. गोठ्यात बर्फ म्हणून कापूस पसरण्याची पद्धत आहे. कापूस आणि पेंढा दोन्ही चटकन पेट घेतात, त्यामुळे तेथे जुने तापणारे दिवे आणि मेणबत्ती अजिबात नको. झोपताना मुख्य बटण बंद करावे.

घरे उरली तर

पाहणाऱ्यांची गर्दी वाढत असताना पाहण्याजोगी घरे मात्र घटत आहेत. खोताच्या वाडीत एके काळी ६५ च्या आसपास जुनी घरे होती. आज निम्मीही उरलेली नाहीत. वांद्र्याच्या पाखाड्यांत दोन मजली घराच्या जागी सात-आठ मजली इमारत उभी राहते, खाली वाहनतळ येतो, आणि ओटा जातो. ओटा गेला की गोठा मांडायला जागा राहत नाही. चांदणी टांगली जाते ती सहाव्या मजल्याच्या खिडकीत, जाणाऱ्याच्या मान वर करण्याच्या भरवशावर. या जुन्या घरांचे मालक अनेकदा वयोवृद्ध असतात. मुले परदेशी, वाटण्या रखडलेल्या, दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर. घर पुनर्विकासाला देण्याबद्दल त्यांना दूरवरून दोष देणे सोपे आहे. वसईत लढा वेगळ्या पातळीवर झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, आणि २००९ मध्ये महापालिका झाल्यानंतर गावे तिच्यातून वगळावीत म्हणून गावकरी रस्त्यावर उतरले. उस्मानाबादच्या २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. वाड्यांवर इमारतींचा दाब आहे तो आहेच.

गर्दीचा जाच रहिवाशांना सोसावा लागतो, हेही खरे. रानवारसारख्या गल्लीतील घर हे प्रदर्शन नव्हे. तेथे कोणी जेवत असते, कोणी आजारी असते. ओट्यावर चढण्याआधी विचारावे, खिडकीतून आत मोबाइल धरू नये, गोठ्यातील मूर्ती मुलांनी उचलू नयेत, चर्चमध्ये उपासना सुरू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसावे किंवा बाहेर थांबावे. घरचे ओट्यावर असतील, तर 'हॅपी ख्रिसमस' म्हणावे, आणि वसईला असाल तर 'नाताळच्या शुभेच्छा' म्हटल्यास अधिक आनंद होतो. गोठा कोणी केला, असे विचारले तर बहुधा घरातले शेंडेफळ पुढे ढकलले जाते आणि ते डोंगर कसा केला इथपासून सगळे सांगू लागते. पाचच मिनिटांत दोन्हीकडची मुले गुडघ्यांवर बसून मेंढ्या मोजत असतात.

३१ डिसेंबरच्या रात्री वांद्र्यात आणि गोव्यात जुन्या वर्षाचा 'म्हातारा' जाळतात. जुने कपडे आणि पेंढा भरून केलेला हा पुतळा आधी दोन दिवस नाक्यावर खुर्चीत बसवलेला असतो आणि मुले त्याच्या नावाने पैसे मागतात. ज्ञानी पुरुषांचा सण झाला, की गोठे उतरू लागतात. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत जातात, पेंढा गुरांपुढे टाकला जातो, आणि करवंटीतले वाढून पिवळे पडलेले गव्हाचे तृण परसात ओततात.